फुकटचा वाटाड्या

खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला माझा एक माजी विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी गोव्यातली नोकरी सोडून गावी परतला आणि म्हणाला, "सर, लोकांना जंगल दाखवणार आणि त्याचे पैसे घेणार." एका वेळी सहाच माणसे, सकाळी साडेसहा ते दहा, माणशी पाचशे रुपये, शेवटी त्याच्या आईच्या हातची भाकरी आणि उसळ. गावाने त्याला वेड्यात काढले. काढणाऱ्यांत मीही होतो. "जंगल कोणी विकतं का रे?" हे वाक्य माझेच. आज मला त्या वाक्याशीच भांडायचे आहे.

एकदा मुद्दाम त्याच्याबरोबर हिंडलो. कणकुंबीला त्याने आम्हांला थांबवले आणि सांगितले, ही इथे उगवणारी मलप्रभा पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. याच तालुक्यात देगावच्या बाजूला उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि गोव्यातून अरबी समुद्र गाठते. शेजारच्या दोन डोंगरांवर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो! फळ्यावरच्या नकाशात मी हेच वर्षानुवर्षे शिकवले. किती मुलांना कळले, देव जाणे. त्या दिवशी सोबतच्या एका बाई पाण्याकडे बघत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

आणि याच माणसाशी आमचे सुशिक्षित लोक घासाघीस करतात. खोलीचे चार हजार मुकाट्याने मोजलेले एक गृहस्थ माझ्यादेखत त्याला म्हणाले, "नुसतं चालायचे पाचशे? चालणार तर आम्हीच!" गाडीच्या पेट्रोलला पैसा आहे, चिकन-सुक्क्याला आहे, ज्याला झाडावरचे ओरखडे पाहून अस्वल कधी येऊन गेले ते सांगता येते, त्याच्यासाठी मात्र नाही. त्याच्या पोटात चार पुस्तके गेली असती आणि गळ्यात ओळखपत्र असते, तर याच गृहस्थांनी त्याला 'तज्ज्ञ' म्हणून हजार दिले असते.

पण त्या गृहस्थांना बोल लावण्याचा अधिकार मला कितपत आहे? आम्ही शिक्षकांनी सहली काढल्या त्या आठवतात. रानात शिरताना एखाद्या गवळीवाड्यावरचा पोरगा पुढे घालायचा. झरा तो दाखवणार, निसरडी वाट तो चुकवणार, दमलेल्या मुलाचे दप्तर तो उचलणार. संध्याकाळी त्याला बिस्किटाचा पुडा द्यायचा, पाठीवर थाप मारायची आणि बसमध्ये बसायचे. सहलीच्या हिशेबात बसभाडे, नाश्ता, औषधे, फोटो असे सगळे रकाने असत. वाटाड्याचा रकाना कधी नव्हता. सर्वांत हुशार माणूस हिशेबात नसे.

'पर्यटन आले की जंगल नासते' हा आक्षेप मला मान्य आहे. शनिवार-रविवारी दांडेलीकडे जाऊन पाहावे. परंतु नासवते ती गर्दी, आणि गर्दीला आवर घालणारा माणूस जागेवरचाच हवा. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झाले. त्यातल्या बारापेडे गुहांत रॉटनच्या नावाने ओळखले जाणारे वटवाघूळ राहते. 1913 साली शास्त्राने त्याची नोंद घेतली आणि पुढे कित्येक दशके जगात त्याचे एवढेच एक घर ठाऊक होते; मेघालय आणि कंबोडियात ते आढळले ते अगदी अलीकडे, 2000 च्या आसपास. साहजिकच दर दुसरा पाहुणा म्हणतो, "ती गुहा दाखवा." माझा विद्यार्थी नकार देतो. परवानगीशिवाय अभयारण्यात पाऊल टाकणे गुन्हा आहे, हे एक. आणि परवानगी मिळाली तरी झोपलेल्या जिवावर विजेरीचे झोत मारायला मी नेणार नाही, हे दुसरे. एका तुकडीने यावर पैसे परत मागितले. त्याने दिले. रोजंदारीवर राबणाऱ्या पोऱ्याला असा नकार परवडेल काय? मालक सांगेल तिकडे त्याला पाहुणे न्यावेच लागतील.

त्याचेही मी कान उपटतो. पावतीपुस्तक नव्हते, प्रथमोपचाराची पेटी अर्धी रिकामी, उद्या कोणाला साप चावला तर गाडी कोणाची, हे ठरलेले नव्हते. धंदा म्हणायचे तर धंद्यासारखा करावा. आता पावत्या छापल्या आहेत, मराठीत. 1956 पासून आपण सीमाभागात मराठीसाठी मोर्चे काढतो, ठराव करतो. पण ऐन, किंजळ, कारवी, शेकरू ही नावे ज्यांच्या तोंडी जिवंत आहेत, त्यांना गोव्यात हॉटेलांच्या बश्या धुवायला पाठवतो. नावे इथे राहतात, ती घेणारा तिकडे.

यंदाच्या सहलीच्या हिशेबात मी एक नवा रकाना आखला: वाटाड्या, रुपये तीन हजार. तपासनिसाने त्यापुढे लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला आहे. मी त्याला पावती टाचून कागद पुन्हा पाठवला.