वाद्याचें ओझें

घरांत एखादें वाद्य आणावयाचें ठरलें, कीं वडील मंडळी किंमत विचारतात, जाणते लोक नाद ऐकून पाहतात आणि मुलें त्याच्या रंगावर भुलतात. तें वाद्य कोणी, कसें आणि किती वेळ धरावयाचें, हा प्रश्न मात्र बहुधा कोणीच विचारीत नाहीं. पुढें सहा महिन्यांनीं वाद्य भिंतीला टेकून धूळ खात बसतें आणि मुलाला गोडीच नाहीं, असा निकाल घरांत लागतो. पुष्कळ वेळां खरी गोष्ट एवढीच असते, कीं गोडी होती, पण खांदा थकला. या उपेक्षित प्रश्नाचा थोडा विचार आज करूं.

गुरु आणि लघु हे शब्द आपल्या वाचकांस अपरिचित नाहींत. व्यवहारांत गुरु म्हणजे जड व लघु म्हणजे हलका. परंतु छंदःशास्त्रांत या शब्दांनीं वजन मोजीत नाहींत, काळ मोजतात. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ज्याच्या उच्चारास वेळ अधिक, तें गुरु. वाद्याच्या बाबतींत मला हाच अर्थ अधिक उपयोगी वाटतो. तराजू एका क्षणाचें वजन सांगतो. वादकाच्या शरीरास तें काळानें गुणून भोगावें लागतें. दुकानांत दोन मिनिटें हातीं घेतलेलें वाद्य लघु वाटतें, तेंच तासाभरानें गुरु होतें.

काळाइतकेंच महत्त्व आधाराला आहे. भरलेली कळशी कडेवर घेऊन बाई सहज चालते. तीच कळशी हात लांब करून शरीरापासून दूर धरावयास सांगितली, तर धट्टाकट्टा पुरुषही मिनिटभरांत ती खालीं ठेवील. पाणी तेवढेंच, कळशी तीच. फक्त आधार बदलला. म्हणून वाद्य किती किलोचें आहे, हें विचारण्यापूर्वीं त्याचा भार जमिनीवर पडतो, मांडीवर पडतो, कीं खांद्यावर, हें विचारावें.

मिरजेचा तंबोरा पाहा. एकोणिसाव्या शतकांत मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनीं हत्यारांस धार लावण्याचा पिढीजात धंदा बाजूस ठेवून तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला. तेथील सतारीस व तंबोऱ्यास 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पुरुषी तंबोरा उभा धरला, तर बसलेल्या गवयाच्या डोक्याच्याही वर जातो. एवढें मोठें वाद्य, पण भोंपळा वाळलेला व पोकळ, आणि तबली तासून पातळ केलेली. तबली जाड ठेवली, तर तारेची अल्पशी शक्ति तिला हालवूं शकणार नाहीं. शिवाय सारा भार मांडीवर किंवा जमिनीवर. म्हणून गाणारा तासन्‌तास तो छेडीत बसतो आणि त्याचें ओझें त्याला जाणवत नाहीं. तें जाणवतें प्रवासांत, आणि पेटींतून स्वर देणारे विजेचे तंबोरे घरोघरीं आले, त्याचें हेंही एक कारण आहे.

डग्ग्याची गोष्ट याच्या उलट आहे. बाजारांत पितळी डग्गे अडीच किलोचा, तीन किलोचा, असे वजनानें सांगतात, आणि जाणता तबलजी जडाकडे वळतो. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन मींड काढावयाची असते. भांडें हलकें असलें, तर दाबाबरोबर तें चुंबळीवर डळमळूं लागतें आणि वादकाचें अर्धें लक्ष तें सांवरण्यांत जातें. येथें वजन हें ओझें नव्हे, चाकर आहे. जमिनीवर बसून तें वादकाची सेवा करतें.

नादासाठींही वजन लागतें, पण तें योग्य जागीं. तबल्याच्या पुडीवर जी काळी शाई असते, ती म्हणजे कातड्यावर ठेवलेला भारच होय. साध्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशीं जुळत नाहींत. शाईच्या भारामुळें ते जुळतात. आपल्या चर्मवाद्यांचा हा विशेष चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं 1920 सालीं शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. पखवाजाच्या डाव्या तोंडास ओली कणीक लावतात, तीही याच जातीची. चिमूटभर वजन, पण आवाज खर्जांत उतरतो. यावरून वाद्य जड तितकें चांगलें, असें मात्र कोणी समजूं नये. शाई योग्य जागीं आहे म्हणून गुण देते. खोडाचें वजन दुप्पट केल्यानें तो गुण दुप्पट होत नाहीं.

आतां नातवंडांच्या गिटारीकडे वळूं. साधी पोकळ गिटार सुमारें दोन किलोची असते आणि विजेवांचून घरभर ऐकूं येते. विजेची गिटार बहुधा भरीव लांकडाची. ती साडेतीन-चार किलोंपर्यंत जाते, आणि वीज नसली तर जवळजवळ मुकी. 1954 सालची स्ट्रॅटोकॅस्टर साडेतीन किलोंच्या आसपास, तर 1952 सालीं विक्रीस आलेली लेस पॉल बहुधा चार किलोंच्या वर. जड लांकडावर स्वर अधिक वेळ टिकतो, असें कित्येक वादक मानतात, कित्येक मानीत नाहींत. हा वाद त्यांचा त्यांस लखलाभ असो. भरीव गिटारीचा आवाज प्रामुख्यानें तारांखालच्या चुंबकांतून उचलला जातो, एवढें लक्षांत ठेवलें, म्हणजे केवळ वजन पाहून नादाचा निकाल देतां येणार नाहीं. खांद्याचा निकाल मात्र देतां येतो. बसून वाजविणाराच्या मांडीस चार किलो फारसे जाणवत नाहींत. उभ्यानें दोन तास वाजविणाराच्या एका खांद्यास तेच चार किलो पुरे होतात.

त्यांतही एक चमत्कार आहे. अंग हलकें व दांडी जड अशी गिटार गळ्यांत अडकविली, कीं दांडी खालीं झुकूं लागते. मग ज्या डाव्या हातानें स्वर दाबावयाचे, त्यालाच ती उचलून धरावी लागते. अशा वेळीं हलकी गिटार जडीपेक्षां अधिक थकविते. तेव्हां तोल हा वजनाचा वडील भाऊ समजावा.

हा सर्व विचार आमच्या भागांत नवा नाहीं. सिद्धेश्वर हें आमचें पूर्णेकांठचें गांव औंढा नागनाथ तालुक्यांत येतें, आणि संत नामदेवांची नर्सी याच हिंगोली जिल्ह्यांत आहे. औंढ्याच्या देवळामागें नामदेवरायांनीं कीर्तन मांडलें आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें, ही आख्यायिका येथील लहान पोरही सांगेल. त्या कथेंत देवळाच्या वजनाचा प्रश्न येत नाहीं. पण गळ्यांत वीणा घालून उभा राहणारा विणेकरी हा माणूस असतो, आणि त्याच्या खांद्याचा प्रश्न येतो.

अखंड हरिनाम सप्ताहांत वीणा सात दिवस व सात रात्री खालीं ठेवीत नाहींत. लांब दांडीची, भोंपळ्याची ती वीणा तराजूंत घातली, तर कोणास भय वाटणार नाहीं. पण सात दिवसांच्या काळानें गुणल्यावर ती एकट्या भीमासही झेपणार नाहीं. पूर्वजांनीं यावर उपाय केला तो वीणा हलकी करण्याचा नव्हे, हात वाढविण्याचा. त्यांनीं पहारे लावले. ठरलेली वेळ झाली, कीं दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पायां पडतात आणि वीणा एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत जाते. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारें अडीचशे किलोमीटरांची वाट दिंडी याच रीतीनें चालते.

आतां मात्र गांवोगांवीं पहाऱ्याच्या यादींतील नांवें कमी होत चाललीं आहेत. तरुण मुलें शिक्षणासाठीं आणि नोकरीसाठीं बाहेर गेलीं. मागें सत्तरी गांठलेले चार विणेकरी राहिले. जेथें एकाच्या वांट्यास एक तास येत असे, तेथें तीन तास येतात. वीणेच्या लांकडांत गुंजभरही वाढ झालेली नाहीं. तरी ती तिप्पट जड झाली आहे. मध्यरात्रींच्या पहाऱ्यास उभ्या असलेल्या वृद्धाला हें गणित शिकवावें लागत नाहीं.

म्हणून सुचवावेंसें वाटतें तें थोडक्यांत सांगतों. वाद्य घेण्यापूर्वीं तें ज्या स्थितींत वाजवावयाचें, त्या स्थितींत अर्धा तास धरून पाहावें. लहान मुलास त्याच्या अंगाच्या मापाचें वाद्य द्यावें. मोठा झाल्यावर वापरील, म्हणून मोठें घेऊं नये. खांद्यावरचा पट्टा रुंद असावा. दुखणें म्हणजे साधना नव्हे. मान किंवा खांदा रोज दुखूं लागला, तर मुलावर आळसाचा आरोप करण्याआधीं वाद्याचा तोल पाहावा. घरांतील मुलीचा तंबोरा किंवा पेटी गाण्याच्या जागीं नेऊन देणें, हें ज्याला गातां येत नाहीं, त्याचेंही संगीतकार्यच आहे. एकत्र कुटुंबांत असे रिकामे हात पुष्कळ असतात.

आणि सप्ताहास गांवीं आलेल्या प्रत्येक घरानें पहाऱ्याच्या यादींत निदान एक नांव घालावें. ज्याला गातां येत नाहीं, त्यालाही तासभर वीणा धरून उभें राहतां येतें. तेवढ्यानेंच ती पहिल्यासारखी हलकी होईल.