घरची सुतारकी : बियाण्याच्या खोलीला प्लायची जमीन



सोयाबीनची मळणी झाली की पुढच्या पेरणीपुरते बी वेगळे काढून ठेवण्याची चाल आता पुष्कळ घरांत पडली आहे. २०२० च्या खरिपात बियाणे उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. तेव्हापासून तर घरच्या बियाण्याचे मोल सर्वांनाच कळले.

पण सोयाबीनचे बी नाजूक. त्याची साल पातळ, ओल चटकन धरणारी. आपल्या किनवट-माहूरकडे पाऊसही बाकीच्या मराठवाड्याहून अधिक. खोपीचे पत्रे गळू नयेत म्हणून आपण धडपडतो, आणि ओल चढते भुईतून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मग थप्पीच्या तळचे पोते मृगात उघडावे तर बियाला कुबट वास आणि उगवण निम्मी.

यावर उपाय म्हणजे भुईपासून उचललेली लाकडी जमीन. जुन्या वाड्यांच्या माळवदाला कडीपाट असतो ना, तोच येथे पायाखाली घ्यायचा. कडी लाकडाची, पाट प्लायचा. ८ फूट बाय ८ फूट जमिनीला ८ बाय ४ चे दोन तक्ते बसतात. हे काम उन्हाळ्यात, लाकूड सुकलेले असताना करावे.

बैठक. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदून विटांचे तीन बुटके बांध घालावेत. दोन कडांना दोन, मध्ये एक. उंची दीड फूट. हवा खेळण्यासाठी प्रत्येक बांधात झरोके ठेवावेत आणि बाहेरच्या झरोक्यांना उंदीर शिरणार नाही अशी बारीक तारेची जाळी मारावी. बांधाच्या माथ्यावर जाड प्लॅस्टिकची पट्टी अंथरावी, म्हणजे विटेतली ओल लाकडात चढत नाही. उंचीचा आणखी एक फायदा असा, की वाळवीची मातीची नळी बांधावर चढू लागली तर बॅटरीच्या उजेडात लगेच दिसते.

कड्या. २ बाय ४ इंची कड्या उभ्या धारेवर, बांधांना आडव्या टाकाव्यात. लाकूड पावतीनिशीच घ्यावे. एका कडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर १६ इंच, म्हणजे ८ फुटांत सात कड्या येतात. दोन्ही टोकांना फळी ठोकून चौकट पुरी करावी. दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे, सुमारे ११ फूट पावणेचार इंच भरले तर चौकट गुण्यात आहे. तसे नसेल तर प्लाय टाकू नये, आधी चौकट सरळ करावी.

दोन तक्त्यांचा सांधा जेथे येणार, तेथे कड्यांच्या मधोमध लाकडाचे ठोकळे बसवावेत. सांध्याखाली आधार नसेल तर पोत्याच्या भाराने एक तक्ता दबतो, दुसरा वर राहतो आणि जमीन तेथूनच मोडायला लागते.

प्लाय. जाडी १८ मिलिमीटर. आय. एस. ७१० चा शिक्का पाहून घ्यावा. या प्लायचा डिंक उकळत्या पाण्यातही सुटत नाही. तक्त्याची लांब बाजू कड्यांना आडवी ठेवावी. वरच्या थराचे रेषे कड्यांना आडवे आले तरच प्लाय पूर्ण ताकद देतो.

जोडणी. खिळे नकोत, स्क्रूच घ्यावेत. लाकूड सुकले-फुगले की खिळा सैल होतो, डोके वर काढतो आणि पोते फाडतो. स्क्रू ५० मिलिमीटर लांब, जस्ताचा मुलामा दिलेले. सागाची कडी असेल तर आधी बारीक भोक पाडावे आणि स्क्रूला साबण लावावा. तो सहज जातो, मोडत नाही.

पहिल्या तक्त्याची एक लांब कड दोरीला धरून सरळ बसवावी आणि तेथून स्क्रू मारत पुढे सरकावे. चारही कोपरे आधी आवळू नयेत, नाहीतर मध्ये पोट राहते. स्क्रू आवळताना तक्त्यावर उभे राहावे, म्हणजे तो कडीला घट्ट बसतो. कडांना दर ६ इंचांवर आणि मधल्या कड्यांवर दर १२ इंचांवर स्क्रू हवा. दोन तक्त्यांना मिळून दीडशे स्क्रू आणावेत. डोके प्लायच्या बरोबरीला आले की थांबावे. वरचा थर फुटला तर पकड गेली.

दोन तक्त्यांमध्ये ३ मिलिमीटर फट सोडावी. एकावर एक ठेवलेली दोन नाणी मापाला चालतील. भिंतीपासून अर्धा इंच मोकळा ठेवावा. ही जागा वाया जात नाही. पावसाळ्यात प्लाय फुगतो, त्याला पसरायला वाव नसेल तर तो उचलला जातो. खोली मोठी असेल आणि तक्ते जास्त लागले, तर विटांच्या बांधकामासारखे सांधे आलटून पालटून घ्यावेत. चार कोपरे एका ठिकाणी येऊ देऊ नयेत.

जमीन झाली म्हणून बियाण्याची काळजी संपत नाही. बी चांगले वाळवूनच भरावे. पोती गोणपाटाची असावीत, भिंतीपासून फूटभर दूर लावावीत, पाचाहून उंच थप्पी करू नये, पोते आपटू नये. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सत्तर उगवले तर बी पेरणीजोगे. तळच्या पोत्यातले शंभर दाणे वेगळे तपासावेत. जमीन कशी झाली, याचा निकाल तेच दाणे देतील.