फजरनंतरची पाच मिनिटे

म्हाताऱ्या आई-वडिलांना 'उफ'सुद्धा म्हणू नये, असा सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहचा हुकूम आहे. आपल्या बहुतेक घरांत तो पाळला जातो, अल्हम्दुलिल्लाह. पण एक गोष्ट आमच्या उशिरा ध्यानात आली. म्हातारी माणसेही आपल्यापाशी 'उफ' करत नाहीत. दुखले तरी सांगत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात अब्बा दोन दिवस गप्प होते. चंद्रपूरचा मे महिना, आम्हाला वाटले उन्हाने थकले असतील. ताप नव्हता, खोकला नावापुरता. तिसऱ्या दिवशी असरच्या नमाजात रकाती विसरू लागले, तेव्हा दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला 32. न्यूमोनिया होता. "एरवी किती असतात? कधीपासून वाढलेत?" त्यांनी विचारले. घरात सहा माणसे, पण एकालाही उत्तर देता आले नाही. अल्लाहच्या कृपेने अब्बा बरे झाले. तो प्रश्न मात्र आमच्याजवळ राहिला.

आमच्यात आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवत नाहीत, असे आपण अभिमानाने सांगतो. चांगलेच आहे. पण चांगल्या वृद्धाश्रमात प्रत्येकाच्या नावाचा तक्ता असतो. नाडी, रक्तदाब, ताप, श्वास, वजन त्यात लिहिले जाते. आपल्याला मोबाइलच्या रिचार्जची तारीख पाठ असते, अम्मीचा रक्तदाब नसतो.

हे काम फार शिकलेल्यांचेच आहे असेही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेने 1990 च्या सुमारास खेड्यांतल्या दायांना बाळांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे साधन तयार केले. याच संस्थेच्या पुढच्या एका अभ्यासात गडचिरोलीच्या खेड्यांत साधारण सातातला एक मृत्यू लकव्याने होत असल्याचे दिसले. लकव्याचे मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, मोजला तरच कळतो.

म्हणून घरात एक वही करा. माणूस ठणठणीत असताना आठ दिवसांचे आकडे आधी लिहून ठेवा. पुढे फरक ओळखायचा तो त्यावरूनच.

श्वास न सांगता, छातीकडे पाहत, पूर्ण एक मिनिट मोजा. शांत बसलेल्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात. 25 च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. म्हातारपणी आजार मोठा असूनही ताप थोडाच चढतो, म्हणून नेहमीपेक्षा दोन अंश फॅरनहाइट वाढले तरी दुर्लक्ष करू नका. ऑक्सिजन पाहताना बोट गार नसावे. नखावर काळी मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो.

रक्तदाब पाच मिनिटे टेकून बसवल्यावर, चहाच्या आधी घ्या. सजद्यातून उठताना चक्कर येत असेल तर उभे केल्यावर एक ते तीन मिनिटांत पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 ने उतरला तर डॉक्टरांना सांगा, तोवर नमाज खुर्चीवर बसून होऊ द्या. अचानक बरळणे किंवा फार झोपून राहणे हीही मोठी खूण आहे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर वही बाजूला ठेवून ताबडतोब 108 ला फोन करा.

आणि हे काम सुनेवर टाकू नका. खिदमतीचा पहिला हक्क लेकाचा आहे.

आमच्या घरी आता फजरनंतर पाच मिनिटे वही उघडते. "मी काय शाळेतला पोरगा आहे, रोज हजेरी घेता?" अब्बा कुरकुरतात. पण दंडाला पट्टा बांधता बांधता दोन गोष्टी बोलणे होते. परवा सहज म्हणाले, रात्री छातीत जरा जड वाटले. आकडे नेहमीसारखेच होते. तरी त्याच सकाळी आम्ही त्यांना दवाखान्यात नेले आणि ईसीजी काढला. वही नसती तर ते बोललेच नसते.