तज्ज्ञ नेमका कोण?

रोबो हाताळणे हे तज्ज्ञांचेच काम; ते सोपे केले तर अपघात वाढतील आणि दर्जा घसरेल, असे म्हणणारे अभियंते पुष्कळ आहेत. त्यांचा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पण प्रोग्रामिंग येणारा तेवढा तज्ज्ञ आणि बाकीचे अडाणी, हे त्यामागचे गृहीतच मला मान्य नाही.

नॉर्वेतल्या ब्रीन गावी ट्राल्फा हा हातगाड्यांचा कारखाना होता. रंगाच्या फवाऱ्यात दिवसभर उभे राहायला माणसे मिळेनात, म्हणून १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे रंगकामाचा रोबो तयार झाला. रंगाऱ्याने रोबोचा हात धरून एक नग रंगवायचा. मनगटाची प्रत्येक हालचाल चुंबकीय फितीवर नोंदली जाई आणि रोबो तीच गिरवी. हात कुठे झरकन न्यायचा, कोपऱ्यात कुठे रेंगाळायचे, हे ज्ञान रंगाऱ्यापाशीच होते. मग तज्ज्ञ कोण?

सुरक्षेचे म्हणाल, तर अवघडपणाने ती येत नाही. माणसाशेजारी चालणाऱ्या रोबोची सुरक्षा वेग आणि दाब यांच्या मर्यादांवर उभी असते. २०१६च्या आयएसओ/टीएस १५०६६ या आंतरराष्ट्रीय तांत्रिक निर्देशपत्रात शरीराच्या कोणत्या भागावर किती दाब चालेल, हेही दिले आहे. रोबोच्या हाती धारदार पाते दिले, तर हिशेब बदलतो; म्हणून धोक्याची तपासणी जाणकारानेच करावी. पण जॉब, म्हणजे ज्यावर काम चालू आहे तो नग, चार मिलिमीटर सरकला म्हणून बाहेरच्या प्रोग्रामरची दोन दिवस वाट पाहण्यात कसली आली सुरक्षा?

रीथिंक रोबॉटिक्स कंपनीचा बॅक्स्टर हा रोबो शिकवायला सोपा होता, तरी कंपनी २०१८मध्ये बंद पडली, हा दाखला नेहमी दिला जातो. पण बॅक्स्टरचा हात पुरेसा अचूक नव्हता. त्याच काळात डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबॉट्सचे यंत्र जगभर पोचले. त्याच्या पेंडंटमागचे, म्हणजे हाती धरायच्या नियंत्रण-फलकामागचे, बटण दाबले की हात सैल पडतो. तो धरून जॉबवर न्यायचा आणि जागा नोंदवायची. सोपेपणाला अचूकतेची जोड हवी, एवढाच बॅक्स्टरचा धडा.

आता स्वतःहून शिकणारी यंत्रे येत आहेत. ती आपोआप जुळवून घेतात, मग कामगाराला कळण्याची गरज काय, असे विचारले जाते. उलट गरज इथेच जास्त आहे. काल बरोबर काम करणारे यंत्र आज वेगळे वागले, तर काय बदलले हे त्याने साध्या मराठीत सांगावे आणि जुन्या वळणावर परत नेण्याची सोय द्यावी. ट्राल्फाच्या रंगाऱ्याचा हात चुकला तर त्याला नवी फीत भरता येत होती. तेवढा अधिकार आजच्या कामगाराला मिळालाच पाहिजे.