सत्तावीस इंचांचा प्रश्न

बेंगळूरूच्या चामराजपेटची आखणी १८९२ मध्ये झाली. जुन्या पेठांतील दाटीतून बाहेर पडून रुंद, सरळ रस्त्यांवर वस्ती व्हावी, हा त्यामागील विचार. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या आखणीचे कौतुक आहे. मात्र आमच्यासारख्या उंच जोत्याच्या जुन्या घराची दुसरी बाजू माणसाला उतारवयातच कळते. आमच्या दारापुढे नऊ-नऊ इंचांच्या तीन पायऱ्या आहेत. माझ्या ८८ वर्षांच्या आईचे जग दोन वर्षांपूर्वी त्या पायऱ्यांपाशी येऊन थांबले.

केंद्र शासनाची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की पायरी १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा उंच नसावी आणि उताराचे प्रमाण एकास बारा असावे. मी हिशेब केला. सत्तावीस इंच चढण्यासाठी सत्तावीस फूट लांबीचा उतार! तो पदपथ ओलांडून भर रस्त्यात उतरला असता. तत्त्वे चुकीची नाहीत. नव्या इमारतीत ती काटेकोरपणे पाळली जावीत. पण बहुसंख्य वृद्ध राहतात ते आधीच बांधून झालेल्या घरांत.

उत्तर मागच्या गल्लीत सापडले. एक लेथ, एक वेल्डिंग यंत्र आणि कलासिपाळ्याच्या ट्रकवाल्यांची कामे, एवढाच त्या वर्कशॉपचा पसारा. मालक सदुसष्ट वर्षांचे. गुडघे दुखू लागल्यावर त्यांनी लेथपुढे अर्धवट टेकून काम करता येईल असे उंच आसन स्वतःच घडवले होते. घरी आल्यावर त्यांनी मोजपट्टी काढली नाही. “अम्मा आधी कोणता पाय उचलतात?” एवढेच विचारले आणि ते पाहत उभे राहिले. मग आईला चपला घालून उभे केले, हात सैल सोडायला लावले आणि मनगटाच्या रेषेशी भिंतीवर खडूने खूण केली. वॉकरची मूठ त्या उंचीला हवी. औषधांच्या दुकानातून आणलेला आमचा वॉकर दोन इंच उंच होता आणि न्हाणीघराच्या दारातून आडवा केल्याशिवाय जात नव्हता. इतके दिवस आम्ही दोष आईच्या चालीला देत होतो.

आठवड्याभरात निम्म्या रुंदीत साडेचार इंचांच्या सहा पायऱ्या झाल्या; खडबडीत पत्र्याच्या, दोन्ही बाजूंना हाताच्या पकडीत मावेल असा नळीचा कठडा. उरलेली निम्मी रुंदी धडधाकटांसाठी तशीच राहिली.

हे कौशल्य आपल्या धोरणात कुठे बसते? १ एप्रिल २०१७ रोजी नेल्लोर येथे सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची विनामूल्य देते. योजना मोलाची आहे. साधने पुरवण्याचे काम १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कानपूरच्या सरकारी महामंडळाकडे, आणि देखभाल एक वर्ष मोफत. पुढे काय? काठीची रबरी टोपी झिजली की ती ओल्या फरशीवर घसरते, आणि त्या वयात मोडलेले खुब्याचे हाड अनेकदा अंथरुणाला कायमचे खिळवते. दुसऱ्या बाजूला, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे. लेथवरचा टर्नर आणि वेल्डर नाहीत.

शासकीय खरेदीतही तेच. केंद्रीय खात्यांनी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असा नियम आहे. पण निविदा हजारो एकसारख्या नगांची निघते, आणि आमच्या गल्लीतला माणूस एका वेळी एकाच माणसाचे काम करतो. अशा निविदांच्या अटी मी स्वतः लिहिल्या आहेत, आणि लेखापरीक्षणाच्या दृष्टीने त्या निर्दोष होत्या.

सुरक्षेचा आक्षेप मला मान्य आहे. कच्चे वेल्डिंग तुटले तर वृद्धाचा जीव जाईल. पण कारागीर आणि वैद्य एकत्र आल्यास काय घडते, ते जयपूरने दाखवले आहे. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय घडवला की अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे, मांडी घालता यावी. परदेशी नमुन्यांत या गरजांचा विचारच नव्हता. तसाच मेळ आज वॉर्डाच्या पातळीवर घालता येईल. सरकारी दवाखान्यातील फिजिओथेरपिस्टने माप व गरज लिहून द्यावी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी भारचाचणी केलेले आराखडे खुले करावेत, आणि वयोश्रीच्या निधीतील काही वाटा जुळवणी व दुरुस्तीसाठी नोंदणीकृत वर्कशॉपला द्यावा. नोंदणीपूर्वी वेल्डिंगची परीक्षा अवश्य घ्यावी. यशाचे मोजमाप शिबिरात वाटलेल्या नगांवरून न करता, वर्षानंतर किती साधने वापरात आहेत यावरून करावे. असा आकडा गोळा करणे कटकटीचे आहे, हे मी अनुभवाने जाणतो.

आमच्या पायऱ्यांपैकी सर्वांत खालची पदपथावर येते. नियमाने ते अतिक्रमण; मी हे बोलून दाखवले, तेव्हा ते हसले आणि ती बिजागरीवर बसवून दिली. सकाळी आई उतरून कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे जाते, परत येते. मग मी ती पायरी उचलून कठड्याला अडकवतो. त्यांचा मुलगा वर्कशॉप चालवणार नाही. जागेला गिऱ्हाईक येऊन गेले आहे.