पडद्यामागचे वाजविणारे

मुंबई कोणाची, या प्रश्नावर निवडणुका लढविणाऱ्यांनी मुंबईचे गाणे कोणी घडविले याचाही हिशोब एकदा मांडावा. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. तेव्हा धोबीतलावच्या कुडांत ट्रंक ठेवून राहणारा गोवेकर कायद्याच्या दृष्टीने परदेशीच. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत चालविलेले सामाईक बिऱ्हाड. भाडे नाममात्र, एक वेदी, संध्याकाळची प्रार्थना, आणि बोटीवरच्या कामाची वाट पाहणारे खलाशी, आचारी व वादक.

गावच्या चर्चच्या शाळेत व्हायोलिन व स्वरलिपी शिकवीत, ती उपासनेसाठी. पोटाच्या गरजेने ती विद्या हॉटेलांतील जाझच्या बँडमध्ये नेली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर ती कामे रोडावली आणि अनेक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. संगीत दिग्दर्शकाने चाल गाऊन दाखवावी आणि अरेंजरने ती प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरवून द्यावी, अशी ही श्रमविभागणी होती. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम सेबॅस्टियन डिसोझा यांनी केले. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) मागे चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट होता. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूंचे नाव गाण्यात गोवले. पण असा माणूस खरोखरच होता, हे किती प्रेक्षकांना ठाऊक?

याला 'संस्कृतिसंगम' म्हणून हार घालण्याची पद्धत आहे. आम्हांस ते मान्य नाही. मजुरी ध्वनिमुद्रणागणिक मिळे, श्रेयनामावलीत नाव क्वचितच येई, आणि गाणे कितीही वर्षे वाजले तरी वादकाच्या पदरी पुढे काही पडत नसे. सिंथेसायझर आल्यावर तर मोठे वाद्यवृंदच अनावश्यक ठरले. यंत्राने हात रिकामे केल्याची ही कथा गिरणी कामगाराला परकी वाटू नये. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंतांचा रॉयल्टीवरील हक्क बळकट झाला खरा. परंतु त्या पिढीतील बहुतेकांना त्याचा उपयोग उरला नव्हता.

तथापि बोट केवळ स्टुडिओमालकांकडे दाखवून चालणार नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख हेही या शहरात पोटासाठीच आलेले. लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून गिरणगावाला त्याचा आवाज दिला. आणि आपण, डाव्या चळवळीतल्या सर्वांनी, शाहिराला कसे वागविले? सभेला गर्दी जमेपर्यंत त्याने गावे आणि पुढारी व्यासपीठावर आले की डफ खाली ठेवावा, हा शिरस्ता आपलाच. आजही आपल्या पत्रकांवर वक्त्यांची नावे ठळक असतात. ढोलकी कोणाची, पेटी कोणाची, हे नसते. पुढील मेळाव्याच्या पत्रकापासून ती नावे छापली जावीत आणि त्यांचे मानधन आधी ठरावे, असे आम्ही सर्व शाखांना सुचवितो.