पाहुणे किती दिवस राहणार?

आपल्याकडे पाहुण्याला देव मानायची पद्धत आहे. पण हाच देव पंधरा दिवस हॉलमध्ये मुक्काम ठोकून बसला, की घरातले एकमेकांकडे बघायला लागतात आणि आई स्वयंपाकघरातून हळूच विचारते, "परतीचं तिकीट कधीचं आहे म्हणाले?"

सर्व्हरच्या जगातही हेच शब्द आहेत. खऱ्या मशीनला म्हणतात होस्ट, म्हणजे यजमान. त्याच्या पोटात जी सॉफ्टवेअरची, पण अगदी खऱ्यासारखी वागणारी मशीन्स चालतात ती गेस्ट, म्हणजे पाहुणे. आपल्या डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर असे ४६ पाहुणे होते. परतीचं तिकीट एकाचंही नव्हतं. आणि या घराची चावी होती माझ्याकडे.

गेल्या नोव्हेंबरपासून ती चावी कुणाही विद्यार्थ्याकडे नाही. का नाही, ते बऱ्याच जणांनी कॅन्टीनमध्ये ऐकलं असेल, आणि ऐकलेलं बरंचसं खरं आहे. चूक माझी होती. पण त्या चुकीवर जो उपाय झाला तो मला पटत नाही, म्हणून हा लेख.

आधी थोडं मागचं. दोन वर्षांपूर्वी सीनियर्सनी सरांच्या मागे लागून एका जुन्या सर्व्हरवर लिनक्स टाकलं आणि केव्हीएम चालू केलं. केव्हीएम हा लिनक्स कर्नलचाच भाग आहे, २००७ साली २.६.२० या आवृत्तीत तो आला. म्हणजे लायसन्सचा एक रुपया खर्च नाही. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय बंद होता, तो शोधण्यात त्यांचा पहिला दिवस गेला. दुसरा दिवस नेटवर्कमध्ये गेला. नुसतं इन्स्टॉल केलं की पाहुण्याला नॅटच्या आतला १९२.१६८.१२२ वाला पत्ता मिळतो. त्याला बाहेरचं जग दिसतं, पण लॅबमधल्या पीसीवरून तो दिसत नाही. मग ब्रिज बनवा, होस्टचं नेटवर्क कार्ड त्याला जोडा, त्यात होस्टचंच कनेक्शन तुटलं की धावत सर्व्हर रूममध्ये जा... विंडोजचा पाहुणा आणायचा तर इन्स्टॉलर म्हणतो, "डिस्कच नाही." आहे बाबा, फक्त व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधी दे! या दोन आठवड्यांत आम्ही जे शिकलो ते आठ सेमिस्टरच्या जर्नलमध्ये नाही.

सर्व्हरला १२८ जीबी मेमरी आणि वापरण्याजोगी ४ टीबी जागा. जो येईल त्याला आम्ही २ जीबी मेमरी आणि १०० जीबी डिस्क देत होतो. गणित बघा. ४६ गुणिले १०० म्हणजे ४.६ टीबी, आणि जागा ४ टीबी. हे चालतं, कारण डिस्कची फाइल पातळ असते. कागदावर १०० जीबी, पण सुरुवातीला खाते फक्त ८-१० जीबी, आणि आत जसजसं लिहाल तसतशी फुगते. लग्नात ५०० पत्रिका वाटून ३०० पानांचा स्वयंपाक करतात, तसंच. यात एक खोच आहे. पाहुण्याने आतली फाइल डिलीट केली, तरी होस्टवरची ती डिस्क आपोआप बारीक होत नाही. त्यासाठी डिस्कार्डचं सेटिंग चालू ठेवावं लागतं आणि आतून ट्रिम चालवावं लागतं. आम्ही ते चालू केलं नव्हतं.

सबमिशनचा आठवडा. रात्री अकरा वाजता रूममेट म्हणाला, "अरे, तुझा सर्व्हर मेला." बघतो तर सगळे पाहुणे 'पॉज्ड'. होस्टची डिस्क शंभर टक्के भरलेली. अशा वेळी पाहुणा क्रॅश होत नाही. लिहायला जागा नाही म्हटल्यावर तो आहे तिथे थिजून उभा राहतो. जागा करून द्या, 'रिझ्यूम' म्हणा, बहुतेक वेळा तो पुढे चालू लागतो. म्हणजे त्या क्षणापर्यंत कुणाचं काहीही गेलेलं नव्हतं. हे मी आज सांगतोय. त्या रात्री फोनवर ३० मिस्ड कॉल होते आणि हे मला माहीत नव्हतं.

मी सगळ्यात मोठी फाइल शोधली. नाव 'टेस्ट-२', आकार १४० जीबी. त्या नावाचा पाहुणा मे महिन्यापासून बंद. मालक कोण, नोंद नाही. 'टेस्ट' म्हणजे कुणीतरी टाइमपास केला असणार, असं म्हणून उडवली.

जागा मोकळी झाली नाही! डिस्क अजूनही शंभर टक्के. मला वाटलं सिस्टीम हँग आहे. मग मी सगळ्या पाहुण्यांना एकेक करून 'डिस्ट्रॉय' दिलं. नाव भयंकर असलं तरी या कमांडने काही पुसलं जात नाही, फक्त प्लग खेचल्यासारखी पॉवर जाते. झालं, जागा मोकळी झाली. पाहुणे परत उठले, मी हॉस्टेलवर येऊन झोपलो.

सकाळी एक पाहुणा उठत नव्हता. मेसेज होता : बॅकिंग फाइल सापडत नाही.

'टेस्ट-२' टाइमपास नव्हती. पासआउट झालेल्या सीनियर्सच्या प्रोजेक्टचं ते मशीन होतं. नाशिकजवळच्या एका द्राक्षबागेत त्यांनी मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर लावले होते, त्यांची उन्हाळ्यातली सगळी रीडिंग्ज त्यात होती. टी.ई.च्या चार मुलींच्या ग्रुपने तेच काम पुढे नेलं. जागा वाचावी म्हणून त्यांचं मशीन आम्ही लिंक्ड क्लोन करून दिलं होतं. क्लोनच्या फाइलमध्ये फक्त बदल साठतात, बाकी सगळं मूळ फाइलमधून वाचलं जातं. खालचा मजला मी पाडला होता आणि वरच्याची काळजी करत होतो.

यातला सगळ्यात वाईट भाग मला नंतर कळला. जागा मोकळी का झाली नव्हती? कारण त्या मुलींचा थिजलेला पाहुणा ती फाइल उघडी धरून बसला होता. लिनक्समध्ये डिलीट केलेली फाइल जोवर कुणी उघडी धरून आहे तोवर डिस्कवर शाबूत असते, आणि त्या प्रोसेसच्या नोंदीतून तिची कॉपी काढता येते. म्हणजे 'डिस्ट्रॉय' दाबेपर्यंत तो डेटा वाचवता आला असता. मी त्याचा हात झटकला तेव्हा तो गेला.

ग्राफच्या प्रिंट होत्या, त्यावर त्यांची ओरल झाली. पण एप्रिलच्या छाटणीनंतरचा ओलावा आणि पावसाळ्यानंतरचा ओलावा यांची तुलना हाच तर त्यांचा विषय होता. गेलेला उन्हाळा परत मोजता येत नाही. त्यांच्यातली एक मला एवढंच म्हणाली, "दादा, उडवायच्या आधी एकदा विचारावंसं नाही वाटलं?" बाकी तिघी काही बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

यानंतर निर्णय झाला : विद्यार्थ्यांचे सगळे अधिकार बंद. पाहुणे आता स्टाफ तयार करतो, तेही प्रॅक्टिकलपुरते. आपण लॉगिन करायचं, चार कमांड द्यायच्या, स्क्रीनशॉट जर्नलला चिकटवायचा. निर्णय घेणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही बहुधा हेच केलं असतं. त्या सोमवारी लॅबचे काकासुद्धा म्हणाले, "बाळा, किल्ली एकदा हरवली की कुलूप बदलतातच."

पण काका, किल्ली हरवली नव्हती. घरात नोंदवही नव्हती!

लोक म्हणतात, सर्व्हर कशाला हवा? लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि शिका. टाकावंच. पण ८ जीबीच्या लॅपटॉपवर दोन मशीन लावली की श्वास लागतो, आणि मुख्य म्हणजे तिथे शेजारी नसतो. लॅपटॉपवर डिस्क भरली तर माझं काम अडतं. सर्व्हरवर भरली तर ४६ जणांचं अडतं. दुसरे म्हणतात, क्लाउड घ्या. त्याला बहुतेक ठिकाणी आधी कार्ड नंबर लागतो, आणि तिथलं होस्ट आपल्याला कधीच दिसत नाही. आपण कायमचे भाडेकरू. घर कसं चालतं ते बाहेरून कसं कळणार?

मुळात हे तंत्र जन्मलं तेच वाटून घेण्यासाठी. १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये एक महागडं मशीन अनेकांना असं वाटून दिलं की प्रत्येकाला वाटावं, अख्खं मशीन माझंच. त्यातूनच १९७२ साली व्हीएम/३७० आलं. पुढे १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी अशा व्यवस्थेच्या अटी मांडल्या. त्यातली एक अट अशी, की साधनांवर पूर्ण ताबा होस्टच्या बाजूच्या नियंत्रक प्रोग्रॅमचाच हवा. हा ताबा केव्हीएमकडेही आहे. पण कुठल्या फाइलमध्ये कुणाचा उन्हाळा आहे, हे त्याला कळत नाही. ते कळून घेणं माणसाचं काम, आणि ते काम करूनच येतं. दोन वर्षांनी आपल्यातले कितीतरी जण कंपन्यांमध्ये हेच सांभाळत असतील. तिथे पहिली चूक करण्यापेक्षा इथे, सरांच्या नजरेखाली झालेली काय वाईट?

म्हणून माझं म्हणणं असं, की सर्व्हर विद्यार्थ्यांना परत द्यावा, पण नियम लावून. नियम मी त्या रात्रीच्या हिशोबाने लिहिलेत.

एक, नोंद. प्रत्येक मशीनच्या वर्णनाच्या रकान्यात मालक, गाइड आणि कुणावर अवलंबून आहे ते लिहायचं. रकाना आधीपासून आहेच, आम्ही तो कधी भरला नाही. 'टेस्ट', 'फायनल', 'फायनल-२' ही नावं बंद.

दोन, परतीचं तिकीट. तयार करतानाच शेवटची तारीख. तारीख उलटली की मशीन बंद करायचं, पुसायचं नाही. मालकाला कळवायचं, महिनाभर थांबायचं, मग दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढून हलवायचं.

तीन, वाटप. प्रोसेसर असलेल्यापेक्षा जास्त वाटला तर फार तर सगळं हळू होतं. मेमरी तशी वाटायची नाही. ती संपली की कर्नल एखादी प्रोसेस मारून टाकतो, आणि सगळ्यात जाडी प्रोसेस बहुधा कुणाचा तरी पाहुणाच असतो. होस्टसाठी ८ जीबी बाजूला ठेवावी. डिस्क ८० टक्के भरली की मेल आलाच पाहिजे.

चार, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, घराला आग लागली तर तोही जळणार. बॅकअप दुसऱ्या मशीनवर, आणि महिन्यातून एकदा तो खरंच परत उठतो का ते बघायचं.

पाच, पुसायला दोन माणसं. एकाने कमांड टाइप करायची, दुसऱ्याने मोठ्याने विचारायचं, "कुणाची आहे रे ही?" त्या रात्री एवढा एक प्रश्न विचारला गेला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आणि सगळ्यांना होस्टचा रूट पासवर्ड द्या, असं मी मुळीच म्हणत नाही. प्रॉक्समॉक्ससारख्या फुकट सिस्टीममध्ये पूल आणि परवानग्या असतात. ज्याला त्याला फक्त आपापल्या मशीनचे अधिकार देता येतात. होस्टचे अधिकार एका सरांकडे आणि दोन विद्यार्थ्यांकडे ठेवावेत. त्यातला एक टी.ई.चा असावा, म्हणजे बी.ई.वाले पासआउट झाले तरी माहिती त्यांच्यासोबत गावाला जाणार नाही.

हा प्रस्ताव मी एच.ओ.डी. सरांना दिलाय. सरांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "त्या दोघांमध्ये तू आहेस का?" मी नाही म्हणालो. मी मे मध्ये चाललोय, माझं परतीचं तिकीट निघालेलं आहे. टी.ई.तून एक नाव मात्र मी सुचवलंय. दादाला तो प्रश्न विचारणारी तीच मुलगी. तिने दोन अटी घातल्या. पहिली, नोंदवही आधी, सर्व्हर नंतर. दुसरी, पहिलं पान मी भरून द्यायचं.

पान भरलंय. पहिली ओळ अशी : 'टेस्ट-२'. मालक, गेल्या वर्षीचा बी.ई. प्रोजेक्ट ग्रुप. आत काय होतं, एक उन्हाळा. कुणी पुसली, मी.